एल. डेलिरिओ

"हा एल. डेलिरिओ कोण?" सलीलने विचारलं, आणि अवंतीने तोंड उघडायच्या आत तिच्या कानफटात बसली.

त्याच्या हातात तिचं कार्ड होतं. उच्चार जिभेवर बसावेत म्हणून ती अशा कार्डांवर स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहून पाठ करायची. 'एल डेलिरिओ. पुं. तो मला वेड्यासारखा चाहतो.'

"अहो, शब्द आहे तो. तापात माणूस बरळतो ना, ते. बेफाम प्रेमालाही तेच म्हणतात. खालचं वाक्य नुसतं उदाहरण आहे."

"आणि हे पुं.? पुरुषच ना?"

"पुल्लिंग. 'एल' लागतं ते त्यासाठीच."

"गोव्याचा दिसतोय. तुझ्या क्लासात आहे?"

साडेदहाला युनिवर्सिटीत तिची स्पॅनिशची तोंडी परीक्षा होती. मकरपुऱ्यातल्या एका पंपांच्या कारखान्याला आता थेट मेक्सिकोहून ऑर्डरी यायला लागल्या होत्या. आज पास झाली की सोमवारपासून तिथली नोकरी तिची. घड्याळात पावणेदहा वाजून गेले होते आणि ती अजून हरणीतल्या घरातच होती.

तिने शब्दकोश उघडून पुढे धरला. सलील चांगला बी.कॉम. झालेला, वाचलं असतं तर त्याला कळलं असतं. पण संशयाने डोकं फिरलेला माणूस कोश कशाला बघतोय? त्याने तोच जाडजूड ग्रंथ तिच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. वेणी धरून त्याने तिला भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा, आणि दर वेळी एकच विचारलं, कुठे राहतो तो? खरं सांगून सांगून अवंती दमली. मग तिला भीती वाटेनाशी झाली, नुसता संताप उरला.

"इथेच," ती म्हणाली. "आतल्या खोलीत. पलंगाखाली."

सलील धावत आत गेला. तिने बाहेरून कडी घातली, हॉलतिकीट उचललं आणि जिना उतरली. वर तो दार बडवत होता आणि एका नामाला आईवरून शिव्या घालत होता.

कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. रिक्षावाल्याने तिच्या ओढणीवरचं रक्त पाहिलं. "बेन, पहेलां दवाखाने लई जाऊं?"

"ना भाई, सयाजीगंज. युनिवर्सिटी," अवंती म्हणाली. "आजे मारे बोलवानुं छे."