बोरन्हाणातले अनवाणी पाय

“ताई, दर महिन्याला सोलचा आधार थोडा कमी करा, नाहीतर पोरीचे पाय आळशी होतील,” असं फोनवरून कमी-जास्त करता येणारे बूट देताना दुकानदार लोंढेकाकांनी बजावलं होतं. वैदर्भीनं ते हसण्यावारी नेलं. लेकीच्या पहिल्या पावलापासून तिनं घरातही बूट घालूनच तिला चालवलं आणि फोनवरून आधार आणि मऊपणा पूर्ण ठेवला, लवचीकपणा शून्यावर.

आज ईराचं बोरन्हाण. पाटावर बसवायचं म्हणून बूट काढले. डोक्यावर बोरं-चुरमुरे ओतताच पोरं वेचायला धावली. ईराही उठली आणि दुसऱ्याच पावलाला कोसळली.

“आई, जमीन मला धरतच नाही.”

वैदर्भीची मान वर होईना. खाली मानेनंच तिनं पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, “माझ्या मुलीला मी चालूच दिलं नाही. तुमचं मूल अनवाणी चालतं का, आजच बघा.”