साडेपाच फूट

सबनीस साहेबांनी शेवटची वही मिटली, चष्मा काढला आणि डोळे चोळले. खंडू ओटीच्या कडेला उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. बावीस वर्षांच्या वह्या साहेब सकाळपासून चाळत होते. आता शाबासकी मिळणार, असं खंडूला वाटत होतं.

"एक भरती चुकली नाय, सायब," तो म्हणाला. "पोरगा होडीसकट गेला, त्या पुनवेला पन आकडा लिवला हाय. बगा."

साहेबांनी बघितला होता. त्या दिवशीही साडेपाच फूट.

वाडी पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाशी. सदुसष्ट साली बंदर खात्याने इथल्या पुळणीत, किनाऱ्याच्या वाळूत, सागवानी खांब रोवला, त्यावर फुटांच्या खुणा केल्या आणि दर पुनवेला, अवसेला भरतीचं पाणी कुठवर चढतं ते लिहायचं काम खंडूच्या गळ्यात घातलं. खात्याचं माणूस त्यानंतर फिरकलं नाही. सरकारच ते! वाडीने मात्र खांबाला आपलं मानलं. सहाच्या खुणेवर शेंदूर फासला, पितळी डोळे बसवले, समुद्राचा राखणदार म्हणून नारळ द्यायला सुरुवात केली. पूर्वी आकडा वाचायला खंडूला पुळणीत उतरावं लागे. मधलं सत्यवतीचं घर लाटांनी नेलं, तेव्हापासून तो ओटीवर बसूनच वाचत असे.

"दिल्लीचं म्हणणं मी तुम्हाला मागे सांगितलं होतं," साहेब म्हणाले.

"होय तर. मोठ्या देशांनी धूर केला, म्हनून दर्या चढला. तर बांध त्यांनीच घालून द्यायचा."

खंडूला ते तोंडपाठ होतं. सरकारतर्फे किनाऱ्याची पाहणी करायला साहेब पहिल्यांदा येऊन गेले त्याला दोन महिने झाले होते, आणि दोन महिने अख्खी वाडी त्या बांधावर जगत होती.

"बरोबर. नोव्हेंबरात परदेशात बैठक आहे. तिथे आपलं सरकार हेच मांडणार. पण नुसतं तोंडाने सांगून कोण ऐकतो? पुरावा लागतो. या किनाऱ्यावर एवढी जुनी नोंद फक्त तुमचीच." साहेबांनी वहीवर बोट ठेवलं. "आणि तुमची नोंद म्हणते, बावीस वर्षांत पाणी इंचभरही चढलेलं नाही."

खंडूला आधी ती थट्टाच वाटली. मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

दारातून त्याची बायको हिरा पुढे आली. "मग सत्यवतीचा घर काय घुशीनं खाल्लान? बावीच्या पान्यात मीठ आयला, ता कुनी टाकलान?"

"वाळू वाहून जाते, बाई. किनारा झिजतो." साहेबांचा आवाज उतरला. "मला दिसतंय हो सगळं. पण तिथे माझे डोळे चालत नाहीत, आकडा चालतो. ही वही नेली तर समोरचे ती आपल्याच तोंडावर मारतील. दिल्लीच्या कागदातून हा किनारा मला वगळावा लागेल."

"म्हंजे बांध?" खंडूने विचारलं.

साहेब खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले.

"मग सात लिवा की!" हिरा खंडूवर उखडली. "एक रेघ ओढायची, हात झडंल काय तुमचा?"

"देवाच्या आंगावरचा आकडा खोटा लिवू?" खंडू ओरडला. बायकोवर तो असा कधी ओरडला नव्हता.

"खोटं नकोच," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी परत बैठक आहे. तोवर वर्षभर नीट बघा. बोटभर जरी चढलेलं दिसलं ना, तरी ही वही घेऊन मी स्वतः दिल्लीला जाईन."

जीप वाडीमागचा कातळाचा सडा चढून दिसेनाशी झाली. खंडू वह्यांपाशी बसून राहिला. आयुष्यात एकच काम त्याने चोख केलं होतं, आणि नेमकं तेच वाडीच्या मुळावर आलं होतं. त्याला रडूही येईना. हिराने पुढ्यात ठेवलेली पेज तशीच निवून गेली.

पाचव्या दिवशी नारळी पुनव आली. ओहोटी लागल्यावर वाडीतली सगळी माणसं खांबापाशी जमली. दर वर्षीसारखा ढोल नव्हता. सत्यवतीने हळद वाहिली, खंडूने नारळ फोडला आणि ओल्या वाळूत कपाळ टेकलं.

"देवा राखनदारा," तो म्हणाला, "यंदा तरी दर्या किती चढलाय ता सायबाला दाखव. बोटभर दाखव, पन दाखव."

"होय म्हाराजा," मागून वाडीने साथ दिली.

मग खंडूने खांबाला दोर बांधला, आणि देवाच्या नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून, बावीस वर्षांच्या रिवाजाप्रमाणे, सगळ्यांनी मिळून तो उपटला आणि एक पाऊल वर, वाडीच्या अंगाला, पुन्हा घट्ट रोवला.