घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

त्या माणसाने बॉनेट उघडायला सांगितलंच नाही, आणि दुलीचंद पटले सावध झाला.

जुनी गाडी घ्यायला येणारा माणूस कसा वागतो, हे दुलीचंदला आठवडाभरात पाठ झालं होतं. तिघे येऊन गेले होते. त्यांनी टायरांना लाथा मारल्या, धुराचा वास घेतला, गाडीखाली लोळण घेतली आणि शेवटी त्या अठरा वर्षांच्या फोर-बाय-फोरचा असा भाव सांगितला की तेवढ्यात धड बैलही आला नसता. आज आलेला हा जागेश्वर मात्र गाडीभोवती एकदा फिरला. मग मागचं दार उघडून त्याने विचारलं,

"काकाजी, मागची सीट पुरी आडवी होते का? माणूस निजला पाहिजे."

"होते. कायले निजवता माणसाले?"

"लागते कधीकधी."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो गोठ्याच्या बाजूला सरकला, पण वारा नेमका तिकडूनच येत होता.

"नाही, त्याले काईच मालूम नाही," जागेश्वर हळू आवाजात सांगत होता. "तुम्ही नाक्यावरच थांबा. इकडे दिसू नका."

दुलीचंदने ओळखलं. सागवानचोर! नाला ओलांडणारी, जंगलात कुठेही शिरणारी गाडी अशा माणसाला कशाला हवी असते, ते या मुलखात सांगावं लागत नाही. त्याला सरळ वाटेला लावायला हवं होतं.

पण घरात त्याची बायको यशोदाबाई भिंत धरून चालत होती. दोन्ही गुडघे गेलेले. नागपूरच्या डॉक्टरने ऑपरेशनची तारीख दिली होती आणि दुलीचंदकडे विकण्यासारखी हीच एक वस्तू उरली होती. मुलगी निशा आणि जावई सगळा खर्च करायला तयार होते. पण लेकीच्या घरचं पाणीही न पिणारा बाप तिचा पैसा कसा घेणार? या गोष्टीवर निशा भांडली, रडली, महिनाभर फोनवर धड बोलली नाही. दुलीचंद हटला नाही. हट्टाच्या बाबतीत तो गावात कोणाला ऐकणारा नव्हता.

आणि गाडीत खोट होती.

ती फक्त त्याला आणि कैलाश मेकॅनिकला ठाऊक होती. गाडी पाच-सहा किलोमीटर चालून तापली, की उजव्या वळणावर स्टिअरिंग मधेच अडकायचं. महिन्याभरापूर्वी असंच अडकलं आणि गाडी सरळ धानाच्या बांधीत उतरली. चिखल होता म्हणून दुलीचंद वाचला. घरी त्याने रानडुक्कर आडवं आल्याचं सांगितलं. कैलाशने मात्र हात जोडले होते. "काकाजी, पार्ट भेटत नाही. भंगारात देऊन टाका. दुसऱ्याले देसान तर त्याचा जीव घेसान."

भंगाराच्या पैशात एक गुडघासुद्धा झाला नसता.

"चालवून पाहता?" दुलीचंदने विचारलं.

गाडी थंड होती. शाळेपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच फेरा त्याने होऊ दिला. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरलं. अंगणात परतल्यावर जागेश्वरने इंजिन बंद केलं, पण तो उतरला नाही. चावी बोटांत फिरवत बसला.

"काकाजी, मले यातलं समजत नाही. तुम्हीच सांगा. घ्यावं का नाही?"

"म्हणजे?"

"लेकरंबाळं बसतीन गाडीत. काई खोट असन तर आताच सांगून टाका. मी नाही घेत, बस. भाव कमी करून नाही मागत."

 दुलीचंदला एक वाक्य बोलायचं होतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलंही. मग त्याला नाक्यावर लपून थांबलेली माणसं आठवली आणि मनाला मोठाच आधार मिळाला. चोराची कसली आली आहेत लेकरंबाळं!

"काई खोट नाही," तो म्हणाला. "खुशाल घ्या."

जागेश्वरने सांगितलेली किंमत जशीच्या तशी हातावर ठेवली. शंभर रुपयेसुद्धा कमी कर म्हणाला नाही. "कागद मागून करू," म्हणाला. दुलीचंदला हेही अपेक्षितच होतं.

"कोणत्या रस्त्यानं जाता?"

"चोरखमाऱ्याच्या पाळीवरून. जवळ पडते."

पाळ, म्हणजे तलावाचा बांध, इथून सहा किलोमीटर होती. चढाच्या शेवटी उजवीकडे वळण, आणि समोर तलाव.

"हळू जा," दुलीचंद म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

गाडी गेली. धूळ बसली. तो कितीतरी वेळ हापशावर हात धूत उभा राहिला. त्याला लाज वाटत होती, भीतीही वाटत होती. पण चोर तो चोर, असं तो स्वतःला सांगत राहिला. सांगता सांगता ते थोडं खरंही वाटू लागलं. अर्ध्या तासाने तो आत आला, तेव्हा यशोदाबाई खाटेवर बसून पदराआड हसत होती. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

"गेला का जागेश्वर?"

"तुले त्याचं नाव कसं मालूम?"

"आता रागावू नका. जवाईबापूचा दोस्त होये तो. पैसे जवाईबापूचे, अन् डोकं तुमच्या पोरीचं. तुम्ही सरळ हातानं घेत नाही, मंग काय करन बिचारी? मले नागपूरले निजवून नेता येईन म्हणे ह्याच गाडीत." तिने डोळे पुसले. "दोघं लेकराले घेऊन कवापासून नाक्यावर उभे होते. जागेश्वर तिथंच उतरणार होता. पुढं पाळीवरून निशाच चालवणार."