शिव्यांचा उपास

“उपास मोडला नाहीस ना?” कुडाळच्या दंतवैद्य केळुस्करबाईंनी हर्षदाच्या कानामागे पट्टी चिकटवत विचारलं.

“एकवीस दिवस एकही शिवी नाही, डॉक्टर. ग्रुपवरसुद्धा नाही.”

भुलीचं इंजेक्शन आता कुणी टोचत नसे. मनापासून शिवी हासडली की मेंदूत वेदना शमवणारी एक लहर उठते. ती लहर ही पट्टी शंभरपट वाढवी. पण ग्रुपवर उठता-बसता शिव्या लिहिणाऱ्यांच्या मेंदूत लहर उठतच नसे. गेल्या महिन्यात हर्षदा त्यामुळेच किंचाळत, दाढेसकट घरी परतली होती.

“हं, दे आता.”

हर्षदाने डोळे मिटून दिली. बाहेर बसलेले एक आजोबा म्हणाले, “शिमगो इलो काय गे?”

ते हसेपर्यंत दाढ चिमट्यात आली होती. हर्षदाला काही कळलंसुद्धा नाही.

“दुसरी पुढच्या महिन्यात काढू.”

गालात कापूस धरून तिने ग्रुप उघडला. तन्मेशने तिच्या क्रिकेट टीमची यथेच्छ टर उडवली होती. अंगठा जुन्या सवयीने शिवी लिहायला सरसावला आणि थबकला. एवढी गुणाची शिवी, ती या तन्मेशवर उधळायची? तिने लिहिलं, “गाढवा, रविवारी मैदानात ये.”