गाडी चालू आहे

मेसेज वाजला तेव्हा दौलतराव ओट्यावर दाढी करत बसले होते. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी फोन सुनेपुढे धरला.

"वाच गं."

विजयश्रीनं डाव्या हातानं फोन घेतला. उजव्या हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अजून नीट मिटत नव्हती.

"कराचाच आहे, आबा. मागच्या महिन्यापेक्षा गाडी जास्त चाललीय."

दौलतरावांनी डोळे मिटले. आतून रुक्मिणीबाई लगबगीनं आल्या. "म्हंजी हाय ना माझा सिद्धेश?"

"हाय," दौलतराव म्हणाले. "गाडी चालतीया म्हंजी हाय."

डिझेलवरचा कर काढून गाडी जितकी धावेल तितका कर घ्यायचा, असा नवा कायदा आला होता. प्रत्येक मालवाहू गाडीत स्टेअरिंगखाली एक डबा बसवला होता. तो किलोमीटर मोजायचा आणि महिन्याला मालकाच्या फोनवर मेसेज यायचा. सिद्धेशची पिकअप वडिलांच्या नावावर होती, म्हणून मेसेज दौलतरावांना.

सिद्धेश चाकणच्या कंपन्यांचा माल वाहायचा. आखाडात एका दुपारी गाडी घेऊन गेला, तो महाळुंग्याला परत आलाच नाही. त्या दिवशी बापलेकांची कडाक्याची भांडणं झाली, ती साऱ्या आळीनं ऐकली होती. विजयश्रीच्या हाताला प्लास्टर त्याच दिवशी चढलं. मोरीत घसरले, असं तिनं दवाखान्यात सांगितलं. आळीतल्या बायकांनी ते ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

तक्रार द्यायला रुक्मिणीबाईंनीच नवऱ्याला चौकीत नेलं. संघर्ष कांबळे नावाचे तरुण फौजदार होते. त्यांनी सगळं लिहून घेतलं. पण पहिला मेसेज आला तसे ते म्हणाले, "आबा, गाडी फिरतेय. म्हणजे पोरगं रागावून गेलंय. राग उतरला की येईल."

त्या दिवशी घरी येऊन दौलतराव अंगणात मटकन बसले आणि कितीतरी वेळ रडले. एवढ्या संसारात रुक्मिणीबाईंनी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. तेव्हापासून दौलतरावांनी रात्री दाराला कडी लावू दिली नाही. सुनेला मात्र ते सारखं सांगायचे, "तू म्हायेरी जा. तो कवाबी यील."

"तुम्ही आहात ना घरात," ती म्हणायची आणि डाव्या हातानं भाजी निवडायला बसायची.

कर रुक्मिणीबाई भरायच्या. मंडईत भाजी विकून आलेले पैसे त्या त्यासाठी बाजूला ठेवायच्या. कर थकला तर सिद्धेशची गाडी कुठंतरी अडवतील, अशी त्यांना धास्ती होती.

दिवाळी कोरडी गेली. मग एके सकाळी रुक्मिणीबाई चौकीत जाऊन बसल्या आणि उठेनातच. "पोरगं येत नसंल तर ऱ्हाऊ दे. पर त्यो डबा कुटं फिरतोय तेवढं सांगा, सायेब. मी लांबनं बघून यीन."

कांबळ्यांनी कर खात्याकडून ठिकाण मागवलं. दोन दिवसांनी दुपारी त्यांची जीप दारात उभी राहिली. गाडी ताथवड्यात थांबलेली दिसत होती.

कंटेनरच्या रांगेतून जीप हळूहळू सरकत होती. रुक्मिणीबाईंनी मांडीवर लाडवांचा डबा घट्ट धरला होता. सिद्धेश समोर आला की काय बोलायचं, ते दौलतरावांना जुळवता येत नव्हतं. बापानं लेकाच्या पाया पडायचं नसतं. पण आज पडायचं, चारचौघांत पडायचं, असं त्यांनी चिंचवड मागं पडेपर्यंत ठरवून टाकलं. मग त्यानं मारलं तरी चालेल.

ताथवड्यात एका नव्या इमारतीपुढे जीप थांबली. पांढरी पिकअप कुठंच नव्हती. एक निळा टेम्पो फरश्या उतरवत होता. कांबळ्यांनी ड्रायव्हरला बाजूला करून स्टेअरिंगखाली हात घातला आणि डब्यावरचा नंबर वाचला. मग पुन्हा वाचला.

"हा टेम्पो कोणाचा?"

"नवनाथशेठचा. महाळुंग्यात गॅरेज आहे त्यांचं."

नवनाथला बोलावून घेतलं. तो आला आणि दौलतरावांना बघून तिथंच थबकला. फार विचारावं लागलं नाही. किलोमीटर कमी दिसावेत म्हणून सिद्धेशनं स्वतःच डबा काढून गॅरेजमध्ये ठेवला होता, तोही बेपत्ता व्हायच्या आठवडाभर आधी. तो न्यायला आला नाही, म्हणून नवनाथनं आपल्या टेम्पोतला डबा काढून त्या जागी हा लावला.

"माझ्या फेऱ्या त्याच्या नावावर पडायच्या," तो खाली बघत म्हणाला. "कर भरला जात होता, साहेब. कोण भरतंय ते मी विचारलं नाही."

"मी भरत व्हते," रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि वाळूच्या ढिगाऱ्यावर बसल्या. लाडवांचा डबा त्यांनी शेजारी ठेवला. त्यांना रडूही येईना.

दौलतराव जीपला टेकून उभे होते. कांबळ्यांनी त्यांना पाण्याची बाटली दिली.

"आबा, धीर सोडू नका. डबा इथं निघाला म्हणजे सिद्धेशचं काही बरंवाईट झालं असं नाही. त्याची गाडी अजून सापडायची आहे."

दौलतरावांनी बाटली तोंडाला लावलीच नाही. "म्हंजी तो गेला त्या दिवशी, डबा गाडीत नव्हताच?"

"नव्हता."

"मग त्याला जाग आलीच न्हाई."

"कोणाला, आबा?"

"सिद्धेशला," दौलतराव शांतपणे म्हणाले. "पाण्यानं भरलेल्या खाणीच्या उतारावर मी हँडब्रेक काढला, तवा तो दारू पिऊन आत झोपला होता. मागं वळून बघायचं धाडस मला झालं न्हाई."