वळणापलीकडे

यूटाच्या वाळवंटातल्या लाल घळीत उभा कातळ चढताना कर्टिसची जीप अडकली. पुढचं चाक हवेत, जीप कड्याकडे कलंडलेली. मागच्या जीपमधली बाई कातळ चढून त्याच्यासमोर उभी राहिली. लोर्ना! घटस्फोटानंतर दोघं प्रथमच भेटत होती. "खाली काय बघतोस? माझ्या हाताकडे बघ," ती ओरडली. "उजवीकडे वळव. अजून. हळूच रेस दे... घाबरतोस काय, म्हाताऱ्या!" चाकाने दगड धरला, जीप करकरत वर आली. "थांब ना, कॉफी आहे," तो म्हणाला. "मागे नवरा खोळंबलाय," ती हसली, बॉनेटवर थाप मारून परतली. कर्टिसने जीप वळणापलीकडे नेली. मागे ती आता नवऱ्याची जीप कातळावर चढवत होती. तिची हाक आली, "डावीकडे घे, राजा. शाब्बास!" पूर्वी ती कर्टिसला राजा म्हणायची. वाट मोकळी होती. पण तिचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्याने इंजिन बंद केलं.