बियाण्याचे कोसे

फरहानं कागद खाटेवर ठेवला आणि सहीची जागा बोटानं दाखवली. हरिदासनं पेन हातात घेतलं, पण टोपण काढलं नाही.

कागदावर दोनच ओळी होत्या. आमच्या गावातले रेशमाचे कोसे पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच रानातले आहेत, बाहेरून कधी आणलेले नाहीत. खाली हरिदासचं नाव. ऐनाच्या झाडांवर कोसा पिकवणारी गावात तेरा घरं होती, आणि बाकीची बारा घरं बियाण्याचे कोसे हरिदासकडूनच नेत. त्याची सही म्हणजे गावाची सही.

फरहा गडचिरोलीची. किड्यांवर संशोधन करायची. दोन पावसाळे ती या भागात हिंडली होती. या गावातून, मागच्या डोंगरावरून आणि नदीपलीकडे चिमूरच्या बाजूनं तिनं कोशातून निघालेली पाखरं जमवली आणि प्रत्येकाचा एकेक पाय प्रयोगशाळेत तपासून घेतला. काल समाजमंदिरात तिनं निकाल सांगितला. गावातली आणि चिमूरकडची पाखरं एकाच रक्ताची निघाली. मध्ये शेतं, नदी, डांबरी रस्ते, तरी रक्त एक. म्हणजे पाखरं मधल्या जंगलाच्या पट्ट्यातून ये-जा करत असणार. तोच पट्टा रस्त्यासाठी तोडायचा होता. हरकत नोंदवायला चार दिवस उरले होते आणि हा कागद त्या अर्जाला जोडायचा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हरिदासनं वाजवल्या नाहीत.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या झाडांवर रोग पडला होता. अळ्या फांद्यांना उलट्या लटकून मेल्या. बापाच्या वेळेपासून चालत आलेलं बियाणं आठवडाभरात गेलं. आता बारा घरांना काय सांगायचं, म्हणून तो चिमूरकडे मुलीच्या सासरी गेला, टोपलीभर कोसे घेतले, वर धोतर झाकलं आणि घरचेच म्हणून वाटले. हे फक्त त्याच्या बायकोला, सुगंधाबाईला माहीत होतं.

काल त्याला जेवण गेलं नाही. सही करून मोकळे व्हा, असं सुगंधाबाईनं दोनदा बजावलं होतं. जंगल वाचतं, कोणाचं काही जात नाही. तिचं म्हणणं त्याला पटतही होतं. आताही ती दारात उभी राहून पेनाकडेच बघत होती. पण उद्या कोणी पुन्हा तपासलं, तर? या पोरीवर परत कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. गावावरही नाही.

“भाऊ, लिहिण्यात काही चुकलं का?” फरहानं विचारलं.

“पाखरू उडून नाई आलं, बाई,” हरिदास म्हणाला. “एसटीनं आलं. मी आणलं.”

सुगंधाबाई आत निघून गेली. फरहानं कोणतं साल, किती कोसे, कोणाकोणाला दिले, एवढंच विचारलं. हरिदासनं सगळं सांगितलं. ती रागावेल म्हणून तो वाट बघत राहिला. तिनं लॅपटॉप उघडला. गावातल्या सगळ्या पाखरांचे आकडे तिनं एकेक करून बाजूला काढले.

चिमूरच्या आकड्यांखाली डोंगरावरची नऊ उरली.

ही नऊ तिनं निकालात धरलीच नव्हती. ती कोणाशीच पुरती जुळत नव्हती. आपल्याच हातून नमुन्यांच्या बाटल्या खराब झाल्या, असं समजून तिनं ही गोष्ट दडवून ठेवली होती आणि गेले दोन महिने कोणी पुन्हा तपासलं तर, या धास्तीत तीही होती. आता ती हरिदासला दाखवत होती. बाटल्या चांगल्या होत्या; गावातली पाखरंच चिमूरची, म्हणून ही त्यांच्याशी जुळली नव्हती. यातली सात पाखरं जगापासून तुटून त्या डोंगरावरच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली होती. नदी आणि शेतं ओलांडून ती कधी गेली नव्हती, कोणी आलंही नव्हतं.

“म्हणजे आमचं बियाणं?” हरिदासनं विचारलं.

“तेच असणार. तुमच्या वडिलांनी कोसे त्या डोंगरावरूनच आणले असतील ना?”

हरिदासनं होकारार्थी मान हलवली.

“आणि बाकीची दोन?” त्यानं विचारलं.

ती दोन अर्धी इथली, अर्धी चिमूरची होती. गावातले नर उडून डोंगरावर जात होते. मिसळायला सुरुवात झाली होती. हरिदासनं वर पाहिलं. वळचणीला कोशांच्या माळा टांगलेल्या होत्या. तेराही घरी अशाच होत्या. पाऊस तोंडावर आला होता, आठ दिवसांत पाखरं बाहेर पडणार होती.

फरहा म्हणाली, हरकतीचा अर्ज ती डोंगरावरच्या पाखरांच्या आधारे नव्यानं लिहील. कोणी ऐकेल की नाही, ते तिला माहीत नव्हतं. पण माळा आजच घरात घेऊन जाळीखाली ठेवायला हव्यात. मग तिनं आवाज खाली आणला. बारा घरांना कारण हेच सांगायला पाहिजे असं नाही. रोगाची साथ आहे, असं ती स्वतः सांगेल. भाऊंचं नाव कुठे येणार नाही.

हरिदासनं पेन तिला परत दिलं. पायात चपला घातल्या.

पहिलं घर लच्छूचं होतं. लच्छू अंगणात बसून जाळं विणत होता.

“लच्छू, तुले मी देल्लेले कोसे आपले नाईत,” हरिदास म्हणाला. “आपले वर डोंगरावर हायेत. अजून जित्ते हायेत.”